मुलुंड ते चिकलठाणा : औषध विरघळावं लागतं
लेखमाला : औषध घडतं कसं – लेखांक सहावा

तपोवन एक्स्प्रेस परभणी सोडते, सेलू, जालना मागे टाकते आणि छत्रपती संभाजीनगरच्या थोडं अलीकडे चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून जाते. संध्याकाळ उलटल्यावर तीच गाडी मुंबईत शिरताना मुलुंड पार करते. या एकाच रुळावरच्या दोन ठिकाणी भारतीय औषधसंशोधनातली दोन महत्त्वाची कामं झाली. दोन्हींच्या शोधनिबंधांवर एक नाव आहे : नोएल जे. डिसोझा. एका औषधी रसायनतज्ज्ञाची कारकीर्द कशी असते, हे समजून घ्यायला आज हीच दोन कामं पाहू.

मागच्या लेखांकात आपण पाहिलं की, रोगावर परिणाम करणारा पदार्थ सापडणं ही पहिली पायरी असते, औषध त्यानंतर पुष्कळ उशिरा येतं. मधल्या रस्त्यावर जो काम करतो तो औषधी रसायनतज्ज्ञ, म्हणजे मेडिसिनल केमिस्ट. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत आपल्याकडची एम.एस्सी. झालेली बरीच मुलं जे काम करतात, ते याहून वेगळं आहे. तिथे ठरलेलं औषध स्वस्तात, शुद्ध आणि टनांनी कसं बनवायचं हा प्रश्न असतो. औषधी रसायनतज्ज्ञाला काय बनवायचं हेच आधी ठरवावं लागतं. तो काही मिलिग्रॅम संयुग बनवतो, टीएलसीच्या पट्टीवर ठिपका पाहतो, कॉलमवर शुद्ध करतो, एनएमआरने रचना तपासतो आणि जीवशास्त्रज्ञाकडे देतो. तिकडून एक आकडा परत येतो. मग रेणूचा एखादा कोपरा बदलून पुन्हा तेच. अशी शेकडो संयुगं बनतात. त्यातलं एखादं माणसापर्यंत पोहोचलं तरी कारकीर्द सार्थकी लागली असं या धंद्यात मानतात.

पहिलं काम मुलुंडचं. हेक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र तिथे होतं. पुढे ते पिरामल समूहाकडे गेलं. 1970च्या दशकात या केंद्रात भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर तपासणी चालली होती : झाडाचा अर्क काढायचा, तो प्राण्यांवर तपासायचा, परिणाम दिसला तर अर्कातला नेमका कोणता रेणू तो घडवतो हे शोधायचं. त्यात कोलियस फोर्सकोली ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आली. गुजरातेत तिला गरमर म्हणतात आणि तिच्या मुळांचं लोणचं घालतात. आपल्याकडचा माईनमुळा तोच. या मुळांच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब उतरत होता आणि हृदयाचं आकुंचन जोरकस होत होतं. अर्कातून जो रेणू वेगळा काढला त्याला फोर्सकोलिन हे नाव मिळालं. त्याची रचना 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. निबंधाच्या लेखकांत डिसोझांबरोबर सुजाता भट होत्या. त्या पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाल्या आणि नैसर्गिक पदार्थांच्या रसायनशास्त्रावरच्या एका परिचित पाठ्यपुस्तकाच्या सहलेखिकाही. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेनेही याच वनस्पतीतून कोलिओनॉल नावाचं संयुग काढलं होतं. ते आणि फोर्सकोलिन एकच, हे नंतर सिद्ध झालं.

हा रेणू शरीरात करतो काय, याचं उत्तर 1981 मध्ये अमेरिकेतून आलं. केनेथ सीमन आणि जॉन डॅली यांनी दाखवलं की, फोर्सकोलिन पेशीच्या आवरणातल्या अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या विकराला सरळ चालना देतं. हे विकर सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार करतं. अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं पेशीबाहेरच्या ग्राहीला चिकटतात आणि त्यांचा निरोप आत याच रेणूमार्फत पोहोचतो. फोर्सकोलिन ग्राहीला वगळून थेट आतलं विकर जागं करतं. संशोधकांना असं हत्यार आधी मिळालेलं नव्हतं. मुलुंडमध्ये वेगळा काढलेला हा रेणू आज जगभरच्या पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळांत बाटलीत ठेवलेला असतो.

औषध म्हणून मात्र घोडं अडलं. कारण साधं होतं : फोर्सकोलिन पाण्यात जेमतेम विरघळतं. हृदय अचानक कमजोर पडलेल्या रुग्णाला शिरेतून औषध द्यायचं, तर ते सलाइनमध्ये उतरायला हवं. तेलकट स्वभावाचा रेणू तिथे साका होऊन बसतो. ही अडचण जपानमध्ये सुटली. निप्पॉन कायाकू कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी फोर्सकोलिनच्या सहाव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाला एक लहानशी साखळी जोडली. तिच्या टोकाला आम्लारीधर्मी नायट्रोजन होता. त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार केला की रेणू पाण्यात उतरतो. कोलफोर्सिन डॅरोपेट या नावाने ते इंजेक्शन 1999 मध्ये जपानमध्ये हृदयाच्या तीव्र दुर्बलतेवर वापरात आलं. मूळ रेणू भारतीय मुळांतला, रचना ठरवली मुंबईत, पण शेवटची काही अणूंची जोड दिली दुसऱ्यांनी. आपल्याकडे हाच अर्क आता वजन उतरवण्याच्या गोळ्यांत घालून विकतात. त्या दाव्यामागचा पुरावा तोकडा आहे.

दुसरं काम चिकलठाण्याचं. डिसोझा पुढे वोक्हार्ट या औषधकंपनीच्या तिथल्या संशोधन केंद्रात होते. तिथला प्रश्न जिवाणूंचा होता. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जखमांत पू करणारा जिवाणू. त्याची मेथिसिलिनला दाद न देणारी जात, म्हणजे एमआरएसए, इस्पितळांत ठाण मांडून बसली होती. तिच्यावरचा भरवशाचा उपाय व्हँकोमायसिन. पण 2002 मध्ये अमेरिकेत व्हँकोमायसिनलाही न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस सापडला. मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या शेतकऱ्याच्या तळव्यात काटा रुततो, चार दिवस कळत नाही आणि जखम चिघळते, हे चित्र परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही डॉक्टरला ओळखीचं आहे. अशा पायात हा जिवाणू शिरला तर प्रकरण बोट किंवा पाय काढण्यापर्यंत जातं.

चिकलठाण्याच्या गटाने कोऱ्या कागदापासून सुरुवात केली नाही. जपानच्या ओत्सुका कंपनीचं नॅडिफ्लॉक्सासिन हे 1993 पासून मुरुमांवरचं मलम म्हणून वापरात होतं. फ्लुओरोक्विनोलोन कुळातला हा रेणू स्टॅफिलोकॉकसवर चांगला चाले, पण तो कातडीवर लावायचा. तो रक्तात नेता येईल का, असा प्रश्न या गटाने घेतला.

इथे रेणूचा हात पाहावा लागतो. नॅडिफ्लॉक्सासिनचे दोन प्रकार असतात, उजव्या आणि डाव्या तळहातासारखे : अणू तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्यावर नेमका बसत नाही. मलमात दोन्हींचं निम्मंनिम्मं मिश्रण असतं. जिवाणूच्या विकरात मात्र एकच हात नीट बसतो. नॅडिफ्लॉक्सासिनचा एस प्रकार जिवाणू मारतो, दुसरा जवळजवळ निरुपयोगी असतो. नुसता एस प्रकार वेगळा घेतला की तेवढ्याच वजनात परिणाम सुमारे दुप्पट होतो आणि शरीराला अर्धा निरुपयोगी माल पचवावा लागत नाही. हेच लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन.

त्याचा आणखी एक गुण पू झालेल्या जागी कामाला येतो. तिथलं वातावरण आम्लधर्मी असतं. याच कुळातल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या रेणूवर एक आम्लारीधर्मी नायट्रोजन असतो. आम्लात तो प्रोटॉन घेतो, रेणूवर विद्युतभार येतो आणि जिवाणूच्या आवरणातून आत जाणं त्याला जड जातं. लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनमध्ये असा नायट्रोजन नाही. उलट आम्लात त्याचा कार्बोक्सिलिक गट भाररहित राहतो आणि रेणू अधिक सहज आत शिरतो. इतर औषधं जिथे ढिली पडतात तिथे हे तेज होतं.

आणि पुन्हा तीच जुनी अडचण उभी राहिली : पाणी. शिरेतून द्यायचं तर 800 मिलिग्रॅम औषध सलाइनमध्ये उतरायला हवं, आणि हा रेणू उतरत नव्हता. उपाय अर्जिनाइनमध्ये मिळाला. अर्जिनाइन हे आपल्या अन्नातल्या प्रथिनांतलं अमिनो आम्ल, पण स्वभावाने बऱ्यापैकी आम्लारीधर्मी. औषधाच्या कार्बोक्सिलिक गटाशी त्याचा क्षार बनतो आणि हा क्षार पाण्यात विरघळतो. डिसोझा पहिले लेखक असलेला या अर्जिनाइन क्षारावरचा शोधनिबंध 2005 मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आला. सहलेखकांत गुप्ते, देशपांडे, महेश पटेल अशी नावं होती आणि व्हँकोमायसिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवरही हा क्षार परिणाम करतो, असं त्यात दाखवलेलं होतं.

इंजेक्शन झालं, पण रुग्णाला घरी पाठवायचं तर गोळी हवी. आतड्यातून शोषून घेण्याची गरज वेगळी. तिथे फक्त विरघळून भागत नाही, आतड्याचं आवरणही ओलांडावं लागतं. म्हणून रेणूवरच्या हायड्रॉक्सिल गटाला अ‍ॅलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल एस्टर करून जोडलं. गोळी पोटात गेली, औषध शोषलं गेलं की शरीरातली विकरं अ‍ॅलॅनिन तोडून टाकतात आणि मूळ औषध मोकळं होतं. असा मुखवटा घातलेल्या रेणूला प्रोड्रग म्हणतात. जपान्यांनी फोर्सकोलिनच्या हायड्रॉक्सिलवर जी एस्टरची युक्ती वापरली होती, तिचीच ही बहीण.

लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनचं इंजेक्शन आणि गोळी, दोन्हींना भारताच्या औषध महानियंत्रकांची मान्यता जानेवारी 2020 मध्ये मिळाली. व्यापारी नावं एमरॉक आणि एमरॉक ओ. त्वचा आणि मऊ ऊतींच्या गंभीर संसर्गावर, मधुमेही पायाच्या संसर्गासह, ती वापरतात. 2005च्या निबंधापासून मान्यतेपर्यंत 15 वर्षं गेली आणि निबंधाआधीची वर्षं वेगळी. या काळात नवं रसायन फारसं झालं नाही. विषारीपणाच्या चाचण्या, निरोगी स्वयंसेवक, मग सुमारे 500 रुग्णांवर लिनेझोलिड या प्रतिजैविकाशी तुलना, यातच बहुतेक वेळ गेला. रसायनतज्ज्ञाचं काम संपल्यावरही त्याचा रेणू सव्वा तप परीक्षा देत राहतो.

या दोन कामांकडे एकत्र पाहिलं की औषधी रसायनशास्त्राबद्दलचा एक गैरसमज दूर होतो. आपल्याला वाटतं, जो रेणू रोगाला जास्तीत जास्त जोरात मारतो तो औषध होतो. प्रत्यक्षात मारक रेणू पुष्कळ सापडतात. योग्य जागी, योग्य मात्रेत पोहोचणारा आणि वाटेत बाकीच्या शरीराला न दुखावणारा रेणू दुर्मीळ असतो. फोर्सकोलिनकडे जोर होता, पोहोच नव्हती. ती दुसऱ्यांनी दिली. लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनच्या बाबतीत जोर जपानचा होता, पोहोच मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेने दिली. मुलुंडला जी पायरी राहून गेली, ती चिकलठाण्याला इथल्याच हातांनी चढली गेली.

परभणी, गंगाखेड, जिंतूरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्यांसाठी यातून एक कामाची गोष्ट निघते. आम्ल, आम्लारी, क्षार, एस्टर हे धडे बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी येतात आणि परीक्षा झाली की विसरले जातात. वर सांगितलेली दोन्ही औषधं नेमकी त्याच धड्यांवर उभी आहेत. पीएच.डी.साठी विषय निवडताना नवा रेणू किती गुंतागुंतीचा होईल हे विचारण्याआधी तो पाण्यात उतरेल का, हे विचारायची सवय लावली तर पुढची बरीच वर्षं वाचतात.

पुढच्या आठवड्यात : आपल्याच शेतातला एक रेणू. सरकीतलं गॉसिपॉल हे पिवळं द्रव्य चीनमध्ये पुरुषांसाठीची गर्भनिरोधक गोळी म्हणून हजारो लोकांवर तपासलं गेलं आणि परिणामकारक ठरूनही सोडून द्यावं लागलं. ते का, हे पाहू.