क्रीडासंस्थेचे स्वामित्व आणि पाठीराख्यांचा हक्क : ब्लॅकबर्न रोव्हर्सचे उदाहरण

इंग्लंडमधील फुटबॉल क्लब हा कायद्याच्या दृष्टीने बहुधा एक मर्यादित कंपनी असतो. त्याचे भाग विकता येतात, विकत घेता येतात, आणि ज्याच्या हाती बहुसंख्य भाग तो त्याचा धनी ठरतो. परंतु आजोबांच्या काळापासून त्याच मैदानावर जाणारा पाठीराखाही त्या क्लबाला ‘आमचा’ म्हणतो. हे दुसरे स्वामित्व कोणत्याही भागपत्रावर नोंदलेले नसते. एरवी ही दोन्ही स्वामित्वे शेजारी शेजारी नांदतात. क्लब नव्या मालकाच्या हाती गेला म्हणजे मात्र त्यांतील अंतर उघडे पडते. या प्रश्नाचा विचार करण्यास ब्लॅकबर्न रोव्हर्सचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे, कारण त्यातील एक पक्ष पुण्याचा आहे.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधील जुने कापडगिरण्यांचे गाव. एके काळी येथील मागांवर हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरे विणली जात. १८७५ साली स्थापन झालेला येथील क्लब १८८८ च्या मूळ फुटबॉल लीगचा संस्थापक सभासद होय. गिरण्या गेल्या, पण क्लब राहिला. गावाचे नाव बाहेर पोहोचविणारी तीच मुख्य संस्था उरली. १९९१ साली पोलादाच्या व्यापारात संपत्ती मिळविलेले, मूळचे ब्लॅकबर्नचेच असलेले जॅक वॉकर यांनी क्लबाचा ताबा घेतला आणि १९९५ साली संघाने प्रीमियर लीगचे विजेतेपद पटकाविले. वॉकर २००० साली निवर्तले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या विश्वस्तनिधीने हा क्लब कुक्कुटपालनाच्या धंद्यातील पुण्याच्या ‘वेंकीज’ उद्योगसमूहास सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांस विकला.

हस्तांतरानंतर महिनाही लोटला नसेल, तोच व्यवस्थापक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना दूर करून स्टीव्ह कीन यांची नेमणूक झाली. अनुभवी व्यवस्थापकाच्या जागी नवखा माणूस का आला, याचा पाठीराख्यांना पटेल असा खुलासा मिळाला नाही. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धचा सामना गमावून संघ प्रीमियर लीगमधून खाली घसरला. त्याच सामन्यात मैदानात एक कोंबडी सोडण्यात आली. पुढील एका हंगामात व्यवस्थापकांवर व्यवस्थापक बदलले. हेनिंग बर्ग यांची कारकीर्द तर ५७ दिवसांची ठरली. २०१६-१७ च्या हंगामात काही पाठीराख्यांनी अठराव्या मिनिटास मैदानात येऊन पंचाहत्तराव्या मिनिटास निघून जाण्याचा मार्ग अवलंबिला. १८७५ हे स्थापनावर्ष त्यातून सूचित केले होते. त्याच हंगामाअखेर संघ तिसऱ्या श्रेणीत गेला, आणि २०१८ मध्ये पुन्हा दुसऱ्या श्रेणीत परतला.

हा रोष परकीय मालकाविषयीच्या आकसातून उपजला, असे म्हणणे सोपे आहे. मालकांच्या धंद्याची जी थट्टा झाली तीत त्याचा अंश नव्हता, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. तथापि एवढ्याने उलगडा होत नाही. त्याच २०१० साली लेस्टर सिटी हा क्लब थायलंडच्या विचाई श्रीवद्धनप्रभा यांनी घेतला. २०१६ मध्ये तेथे विजेतेपद आले, आणि २०१८ मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा मैदानाबाहेर फुलांचे ढीग पडले. यश हे त्या प्रेमाचे एक कारण खरे. पण मालक मैदानावर दिसत होता, हे दुसरे. ब्लॅकबर्नच्या मालकांची उपस्थिती मात्र पुढे दुर्मिळ झाली. त्यांनी वर्षानुवर्षे क्लबाचा तोटा स्वतःच्या पैशाने भरून काढला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पाठीराख्यांची तक्रार केवळ पैशाची नव्हती; आपल्याला कोणी विचारीत नाही, ही होती.

येथे अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांचे १९७० सालचे विवेचन उपयोगी पडते. एखाद्या संस्थेचा दर्जा खालावला असता माणसापुढे दोन मार्ग असतात : तिला सोडून जाणे, किंवा आत राहून आवाज उठविणे. यांपैकी कोणता निवडावयाचा हे निष्ठेवर अवलंबून असते. साबण आवडला नाही तर गिऱ्हाईक दुसरा घेते. ब्लॅकबर्नचा पाठीराखा शेजारच्या बर्नलीचा होऊ शकत नाही. मँचेस्टर युनायटेडच्या काही पाठीराख्यांनी २००५ साली ग्लेझर कुटुंबाच्या खरेदीनंतर स्वतःचा निराळा क्लब काढला, पण असे निर्गमन विरळाच. सामान्यतः निष्ठा बाहेरची वाट अडविते, आणि आतला आवाज ऐकण्याचे बंधन मालकावर नसते. अशा कोंडीतूनच घोषणा, बहिष्कार आणि रिकाम्या खुर्च्या निर्माण होतात.

ही कोंडी फोडण्याचे दोन प्रयत्न उल्लेखनीय आहेत. जर्मनीत, काही अपवाद सोडता, मताधिकाराचा अर्ध्याहून अधिक वाटा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहावा असा नियम आहे. इंग्लंडमध्ये मालकी खाजगीच राहिली. परंतु २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमला असून, पाठीराख्यांशी विचारविनिमय करणे क्लबांवर बंधनकारक केले आहे. पहिल्या पद्धतीत सत्ता वाटून दिली जाते, दुसरीत केवळ आवाजाला कायद्याचे स्थान मिळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. क्लब विकत घेणारा मैदान, खेळाडूंचे करार आणि नाव ही विकत घेतो. पाठीराख्यांचा विश्वास मात्र त्या व्यवहारात येत नाही. तो मागील मालकाने मिळविलेला असला तरी वारसाहक्काने पुढे जात नाही. नव्या धन्याला तो पहिल्यापासून संपादन करावा लागतो, आणि त्यासाठी भांडवलाइतकीच उपस्थितीची व खुलाशाची गरज असते.