बेल्जियन मॅलिनवा आणायचा? आधी घरातला दिवस मोजा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आजचा विषय जनावरांच्या दवाखान्यातलाच आहे, पण गाई-म्हशींचा नाही, कुत्र्याचा. हल्ली मुलं मोबाईल पुढे करून विचारतात, "मॅडम, असला कुत्रा घेऊ का?" मोबाईलवर बहुतेक वेळा एकच जात दिसते. बदामी-तांबूस अंग, काळं तोंड, ताठ कान, आणि पुरुषभर उंचीची भिंत झपकन चढून जाणारा. बेल्जियन मॅलिनवा. विकणारे त्याला मेलिनॉइस म्हणतात. मुलगा विचारत असतो तेव्हा आई शेजारी पिशवी धरून गप्प उभी असते. आज मी बोलणार आहे ते त्या आईशी.

हा कुत्रा मुळात मेंढपाळाचा. बेल्जियम देशात मेखलेन नावाचं शहर आहे, फ्रेंच लोक त्याला मालीन म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. १८९१ साली तिथल्या लोकांनी संघ काढून आपल्या मेंढपाळ कुत्र्यांच्या जातींची नोंद सुरू केली, तेव्हापासून ही जात जपली गेली. नराचं वजन पंचवीस ते तीस किलो, मादीचं वीस ते पंचवीस. म्हणजे फार मोठा कुत्रा नाही हा. दिसायला आपल्या ओळखीच्या जर्मन शेफर्डसारखा, पण अंगानं हलका आणि हालचालीला कितीतरी चपळ. म्हणूनच जगभरच्या पोलिसांनी आणि सैन्यांनी तो उचलला. आपल्याकडे केंद्रीय राखीव पोलीस दलात हे कुत्रे आहेत, सैन्यात आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरच्या अनंतनागमध्ये अतिरेक्यांशी झुंजताना गोळ्या लागलेला 'झूम' याच जातीचा. त्याच्या बातम्या तुम्ही ऐकल्या असतील. तो गेला तेव्हा बऱ्याच घरांत हळहळ झाली, आणि बऱ्याच पोरांच्या मनात तेव्हापासून हा कुत्रा बसला.

त्या बातम्यांत एक गोष्ट दिसत नाही. अशा प्रत्येक कुत्र्यामागे एक जवान असतो. सकाळी त्याला बाहेर काढण्यापासून रात्री त्याचं अंग तपासण्यापर्यंत तो कुत्रा हेच त्या जवानाचं काम असतं, आणि त्या कामाचा त्याला पगार मिळतो. तेव्हा पहिला प्रश्न कुत्रा चांगला की वाईट हा नाहीच. आपल्या घरात तो जवान कोण होणार, हा आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांना हे समजावून सांगायला फार लागत नाही. खिलार बैल ठाऊक आहे ना? देखणा, तल्लख, पायाचा पळता. पण कामाविना दावणीला महिनाभर उभा ठेवा आणि मग कुणा नवख्याला सोडायला सांगा. बैल वाईट नसतो, पण अंगातली रग कुठेतरी निघणारच. मॅलिनवाचं तसंच आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याला निवडलं गेलं ते दिवसभर धावून न थकणारा, माणसाच्या हाताकडे डोळे लावून "आता काय करू" असं विचारणारा म्हणून. ती ओढ रक्तात आहे. ती ना मायेनं जाते ना मारानं.

मग त्याला लागतं काय? रोज दीड ते दोन तास. यात नुसतं दोरी धरून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं मोजायचं नाही. पळणं, चेंडू आणणं, शिवाय डोक्याला काम. बस, थांब, ये, सोड ही शिकवण पुन्हा पुन्हा, लपवलेली वस्तू वासावरून शोधणं, असलं काहीतरी. डोक्याचं काम नसेल तर नुसत्या पळण्यानं हा कुत्रा दमत नाही, उलट त्याचा दम वाढतो. आणि हे रोज. पाहुणे आले तरी, लग्नसराई असली तरी, पावसाची झड लागली तरी. मार्च ते मे आपल्याकडे उन्हात कुत्रा पळवता येत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकून अंग थंड करतो. दुपारी पळवला तर उष्माघातानं जीवही जाऊ शकतो. म्हणजे उन्हाळ्यात त्याचा वेळ पहाटे सहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. आता तुम्हीच सांगा, पहाटे पाणी येतं त्या वेळेला घरात मोकळं कोण असतं? संध्याकाळी सात वाजता, चूल पेटायच्या वेळेला?

हे काम मिळालं नाही तर तो स्वतःसाठी काम शोधतो. अंगणात खड्डे, दाराची चौकट कुरतडलेली, दोरीवरचे कपडे ओढलेले, दिवसभर भुंकणं. काही कुत्रे एकाच जागी गोल गोल फिरत राहतात, स्वतःच्या शेपटीमागे. लोक हसतात, व्हिडिओ काढतात. माझ्या डोळ्यांना ते दुखणं दिसतं.

दुसरं, तो मेंढ्या वळणारा आहे हे विसरू नका. हलणारी वस्तू दिसली की मागे धावायचं, पुढून अडवायचं, गरज पडली तर पायाला तोंड लावायचं, हे त्याचं मूळ काम. तुमच्या अंगणात मेंढ्या नसल्या तरी सायकलवरून येणारा पुतण्या आहे, ओरडत पळणारी चार वर्षांची नात आहे, शेजारणीच्या कोंबड्या आहेत, शेळीची करडं आहेत. लहान पिल्लू दात लावतं तेव्हा घरात कौतुक होतं. वर्षभरानं तेच पिल्लू पंचवीस किलोचं होतं. ज्या घरात पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं आहेत आणि कुत्र्याचा अनुभव कुणालाच नाही, तिथे मी स्पष्ट नाही म्हणते. मुलगा रुसला तरी चालेल.

"पण मॅडम, आमच्याकडे जागा भरपूर आहे, दोन एकर रान आहे," असं पुष्कळ जण म्हणतात. जागेचा इथे फारसा उपयोग नाही. रानात एकटा सोडलेला मॅलिनवा स्वतःहून व्यायाम करत नाही. तो बांधावर बसून माणसाची वाट बघतो, नाहीतर रस्त्यावरच्या मोटारसायकलींमागे लागतो. याउलट दोन खोल्यांच्या घरात राहूनही रोज पहाटे पळायला जाणारी, शिकवायची हौस असलेली मुलगी हा कुत्रा छान सांभाळेल. धनगराचं कुत्रं बघा. त्याला बंगला नाही की खास खाणं नाही. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे उतरतो तेव्हा ते मेंढरांबरोबर चालत जातं, रात्री कळपाला राखण देतं, आणि जागा मिळेल तिथे शांत झोपतं. त्याला काम आहे आणि त्याचं माणूस दिवसभर त्याच्या बरोबर आहे.

मी घरोघरी एक सोपा उपाय सुचवते. महिनाभर कुत्र्याशिवाय कुत्रा पाळून बघा. भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज दोन खुणा करायच्या, एक पहाटेची, एक संध्याकाळची. ज्यानं हट्ट धरला आहे त्यानं पहाटे उठून पाऊण तास चालून-पळून यायचं, संध्याकाळी पुन्हा पाऊण तास. शिवाय रोज वीस मिनिटं अंगणात नुसतं उभं राहायचं, मोबाईल घरात ठेवून. तो शिकवणीचा वेळ. खुणेपुढे नाव लिहायचं. महिन्याच्या शेवटी कॅलेंडर सगळ्यांसमोर काढायचं. खाडे किती आणि नावं कुणाची, ते बघायचं. पहिल्या आठवड्यात मुलाचं नाव असतं, दुसऱ्या आठवड्यात परीक्षा निघते, तिसऱ्यात धाकटे दीर एखाद दिवस जाऊन येतात. मग हळूच कुणीतरी म्हणतं, "वहिनी तशीही सकाळी उठलेलीच असते." तिथे थांबायचं. हा कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. मुलगा पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला जाणार असेल तर कुत्रा कुणाचा, ते आज बोलून घ्यायचं.

साखळीचं एक सांगायला हवं, कारण शेवटी गोष्ट तिथेच जाते. सांभाळणं होईना की कुत्रा मागच्या अंगणात बांधला जातो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडवलं नाही तर तो गुन्हा आहे, असं लिहिलेलं आहे. बांधलेला कुत्रा हळूहळू चिडका होतो, आणि मग जेवण घेऊन जाणाऱ्या बाईलाच पहिला चावा बसतो.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मग आपला कारवानी बरा. लातूर-सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे मुधोळला हे लांब पायांचे, बारीक कमरेचे कुत्रे पूर्वीपासून आहेत. आपल्या उन्हाला सरावलेले, खाणं बेताचं. त्यांचा जोर वेगळा. डोळ्यांनी हेरायचं आणि वाऱ्यासारखं सुटायचं. एकदा मनसोक्त पळून आले की तासन्‌तास निवांत पडून राहतात, मॅलिनवासारखं सतत "आता काय" नसतं. मात्र ससा किंवा मांजर दिसलं की हाका ऐकू येत नाहीत. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे, तेव्हा त्यासाठी कुणी पाळत असेल तर नको. परक्यानं अंगाला हात लावलेलाही त्यांना खपत नाही. पळायला कुंपण घातलेलं रान असेल तर कारवानी चांगला. आणि नुसती घराला जाग हवी, कुणी आलं तर भुंकणारं हवं, तर गावठी पिल्लासारखं काही नाही, हे माझं मत. लोकांना त्यात मिरवता येत नाही, एवढंच.

एवढं सगळं होऊनही महिन्याच्या खुणा भरल्या, घरात एकमत झालं, तर जरूर आणा. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. २०१७ च्या नियमांनुसार तसं विकताही येत नाही, आणि विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ती मागा. पिल्लाची आई बघा. ती माणसाला बघून दात काढत असेल तर मागे फिरा. खाण्याचं एकच सांगते. पोळी-दुधावर हा कुत्रा पोसला जात नाही, त्याला अंडी-मांस किंवा तयार खाद्य लागतं. श्रावणात घरात अंडं शिजत नसेल तर त्याची चूल कुठे, हे सासूबाईंना आधी विचारून ठेवा. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, पुढे दरवर्षी.

आणि ज्यांच्या घरी तो आधीच आला आहे, बांधलेला आहे, त्या बायकांसाठी. आजपासून त्याला ताटलीत खायला देऊ नका. त्याचं खाणं अंगणात चार ठिकाणी लपवा आणि वासानं शोधायला लावा. हे काम त्याच्या डोक्याला चांगलंच थकवतं. पहाटेची फेरी ज्यानं कुत्रा आणला त्याच्याकडेच, हे त्याला सांगा. चावा बसला तर हळद-चुना लावत बसू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, कुत्रा घरचा असला तरी.

पुढच्या वेळी शेळ्यांच्या पावसाळी आजारांवर बोलू. नमस्कार.