आधी रान बघा, मग बूट

मिरजेच्या माणसाच्या पायाला एकाच जातीची जमीन कधी मिळत नाही. कृष्णाकाठचं काळं रान एका सरीत असं चिकट होतं की दहा पावलांत पाय दुप्पट जड व्हावेत. पूर्वेला दंडोबाच्या डोंगराकडे आणि पुढे कवठेमहांकाळ, जतच्या माळावर मुरूम, कुसळं नि बाभळीचे काटे. पश्चिमेला शिराळा ओलांडून चांदोलीकडे वळा किंवा साताऱ्याच्या गडांवर जा, तिथं पावसाळ्यात कातळावर शेवाळ. सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात या तिन्ही जमिनी आहेत. आणि दुकानात गेल्यावर आपण एवढंच म्हणतो, ‘जरा मजबूत बूट दाखवा.’

दुकानदारही मग सगळ्यांत जाडजूड, सगळ्यांत जड जोड काढून पुढे ठेवतो. पण मजबुती वजनात नसते. माळावर वर्षानुवर्षं टिकणारा बूट ओल्या कातळावर मालकाला पाडू शकतो आणि गडावर उत्तम चालणारा बूट उसाच्या सरीत निरुपयोगी ठरतो. म्हणून शेतावर, डोंगरात, बांधावर वापरायचा नाडीचा चामडी बूट घ्यायचा तर पहिला प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा नसतो. आपण जास्तीत जास्त चालतो कुठं, हा तो प्रश्न.

पायताणाला जमतं ते आणि न जमणारं

चामड्याची समज या भागाला नवी नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. मिरजेहून जवळच असलेलं अथणी हे या कामाचं मोठं केंद्र. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये ‘प्राडा’नं याच घाटाची चप्पल मूळ नाव न घेता दाखवली आणि गदारोळ झाला, तेव्हा सगळ्या देशाला ती नव्यानं आठवली.

या पायताणाचं चामडं कमावतात बाभळीची साल आणि हिरड्यासारख्या वनस्पतींच्या तुरट अर्कात. असं चामडं घट्ट, जाड आणि ताठ होतं. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. वारा खेळता राहतो, पाय उबत नाही, काटा सहसा आरपार जात नाही. पण ते पाणी पितं. भिजलं की फुगतं, वाळलं की आणखी ताठ होतं, वाकडं होतं. म्हणून तर पावसाळा लागला की जाणती माणसं कोल्हापुरी पुसून, तेल लावून वर ठेवून देतात.

बुटाचं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ साली अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि चामड्याचा धंदाच बदलला. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. शिवाय हे चामडं मऊ राहतं, उष्णता सोसतं आणि भिजून वाळलं तरी आकार फारसा सोडत नाही. ओल्या रानात चालायचं तर हेच हवं.

कडा बघा, चकाकी नको

दुकानात सगळेच बूट ‘प्युअर लेदर’ असतात. त्यामुळे बुटाचा वरचा भाग बघू नका, कापलेली कड बघा. जिभेची कड किंवा नाडीच्या भोकांजवळची आतली बाजू उलटून पाहिली की खरं काय ते कळतं. अस्सल चामड्याच्या कडेला बारीक, गुंतलेले तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेला कापडाचा थर आणि त्यावर प्लास्टिकची पातळ साय दिसते. मग अंगठ्यानं बूट दाबा. चामड्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट उचललं की जिरतात. रेक्झिनवर एकच खळगा पडतो.

चामड्यातही प्रती असतात. कातडीचा सगळ्यांत वरचा, न घासलेला थर म्हणजे फुल ग्रेन. तंतू तिथं सर्वांत दाट, म्हणून पाणी आणि घर्षण तोच जास्त सोसतो. त्यावर मूळ जनावराच्या अंगावरचे ओरखडे, डाग दिसले तर ते दोष समजू नका. उलट एकसारखी, काचेसारखी गुळगुळीत चमक दिसली तर वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप चढवला असण्याची शक्यता जास्त. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. तो स्वस्त असतो, पण पाणी लवकर शोषतो आणि घडीवर लवकर फाटतो. रानातल्या बुटाला दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं फुल ग्रेन चामडं पुरे. जितकी शिवण कमी, तितकी पाणी शिरायची वाट कमी.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली आहे का ते पाहा. नसेल तर कुसळं, खडे, पाणी आणि कोयना-चांदोलीच्या जंगलात जळवा, सगळं तिथूनच आत येतं.

खरी परीक्षा तळाची

१९३५ साली इटलीतल्या पुंता राझिका शिखरावर सहा गिर्यारोहक वादळात सापडून मेले. त्या काळी पायथ्यापर्यंत खिळ्यांचे जड बूट आणि कड्यावर चढताना पातळ तळाचे हलके जोडे अशी पद्धत होती. बर्फ-वाऱ्यात ते जोडे कुचकामी ठरले. त्या मोहिमेशी जोडलेल्या व्हिताले ब्रामानी यांनी पुढे पिरेली या टायर कंपनीच्या मदतीनं खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ साली त्याचं पेटंट घेतलं. ‘विब्रम’ हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. आज कोणत्याही ट्रेकिंग बुटाखाली दिसणारी नक्षी त्याच घराण्यातली.

पण खोल नक्षी सगळीकडे चालत नाही. काळ्या मातीत खाचा अरुंद आणि जवळजवळ असल्या की चिखल त्यात ठासून बसतो आणि तळ सपाट होऊन जातो. तिथं खाचांमध्ये मोकळी जागा हवी, म्हणजे पाऊल आपटलं की माती गळून पडते. ओल्या कातळाला खोलीपेक्षा रबराचा मऊपणा लागतो. तळात नख रुतवून पाहा. किंचित रुतलं तर पकड मिळेल. प्लास्टिकसारखा टणक पीव्हीसीचा तळ शेवाळावर सरळ घसरतो. माळरानावर मात्र स्पंजासारखे हलके तळ टाळा, बाभळीचा काटा ते लीलया पार करतो. ज्या झाडाची साल चामडं कमावते, त्याचाच काटा तुमच्या बुटाची परीक्षा घेतो. ऊस तुटून गेलेल्या फडात तर तिरपी कापलेली बुडखी असतात. तिथंही रबराचा जाड, भरीव तळ हवा.

तळ वरच्या भागाला जोडलाय कसा, यावर बुटाचं आयुष्य ठरतं. नुसता चिकटवलेला तळ हलका नि स्वस्त असतो, पण सततच्या ओलीत डिंक सुटतो. साच्यात ओतून बसवलेला तळ पक्का असतो, मात्र झिजला की बूट टाकायचा. कडेनं चामड्याची पट्टी लावून शिवलेला, म्हणजे वेल्टचा बूट महाग आणि सुरुवातीला ताठ. पण तळ झिजला तर कारागीर आरीनं जुनी शिवण उकलून नवा तळ बसवू शकतो. असा जोड तीनदा तळ बदलून घेतला तर शेवटी स्वस्तच पडतो.

पॉलियुरेथेनच्या, म्हणजे पीयूच्या तळाचा एक दोष गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. हवेतल्या दमटपणानं तो आतल्या आत विघटित होत राहतो, बूट वापरला नाही तरीही. चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवलेला, दिसायला कोरा करकरीत जोड वासोट्याच्या चढावर अचानक तळ सोडतो तो यामुळे. सेलमध्ये बूट घेताना आत शिक्का मारलेला उत्पादनाचा महिना-वर्ष आधी वाचा.

मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीमुळे सेफ्टी शूज इथं कुठंही मिळतात आणि अनेक शेतकरी तेच वापरतात. आयएस १५२९८ हे त्यांचं भारतीय मानक. त्याच्या दुसऱ्या भागातल्या बुटांच्या पुढच्या टोपीला २०० ज्यूलचा आघात सोसावा लागतो. फाउंड्रीत ते गरजेचंच. पण दिवसभर चालायचं असेल तर ती लोखंडी टोपी वजन वाढवते, उन्हात तापते आणि उतारावर नखं काळीनिळी करते. ट्रॅक्टरची अवजारं जोडणं-सोडणं हेच मुख्य काम असेल तर घ्या, एरवी नको.

रात्रीची पाळी

शेतीपंपाची वीज पाळीनं रात्री येते आणि माणूस दारं धरायला अंधारात उसात उतरतो. पाचटात उंदीर असतात, उंदरांमागे घोणस येते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार ऐकू आला तरी उसात ती नेमकी कुठं आहे ते कळत नाही. भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशानं दगावतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांत होतात आणि दंश बहुधा पावलावर किंवा पोटरीच्या खाली होतो.

इथं घोट्यापर्यंतचा चामडी बूट अर्धंच काम करतो. घोणसीचे दात लांब असतात आणि घोट्याच्या वर ती सहज पोहोचते. पाणी पाजायला जाताना गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा गमबूट आणि हातात चांगली बॅटरी, हेच योग्य. कोणताही बूट शंभर टक्के हमी देत नाही, पण अनवाणी किंवा स्लिपरवर जाण्यापेक्षा धोका पुष्कळ कमी होतो. दंश झालाच तर घट्ट आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक हे काही करू नका. पाय स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठा. आणि ओसरीवर ठेवलेला बूट घालण्याआधी उलटा करून झटका, विंचवाला ती जागा फार आवडते.

माप संध्याकाळी

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा आपले पाय युरोपियन-अमेरिकन पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. बहुतेक बूट मात्र अजून त्यांच्याच फर्म्यावर बेततात. म्हणून लांबीला बरोबर बसणारा नंबर चवड्याला आवळतो आणि आपण एक नंबर मोठा घेतो. मग टाच आत वरखाली होते नि फोड येतात. नंबर वाढवण्यापेक्षा रुंद फर्म्याचा बूट मागा.

दिवसभरात पाय सुजतात, तेव्हा खरेदी संध्याकाळी करा आणि जे जाड मोजे घालणार तेच घालून जा. नाडी बांधण्याआधी पाय पुढे सरकवून टाचेमागे एक बोट जातं का पाहा. मग नाडी घट्ट बांधून दुकानाच्या पायऱ्या उतरा. अंगठा पुढे आपटला तर तो बूट सज्जनगडाच्या पायऱ्यांवरही आपटेल. मधुमेह असणाऱ्यांनी ‘घालून बरं वाटलं’ यावर विसंबू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चावणारा बूटही बराच वाटतो. त्यांनी माप मोजून घ्यावं आणि रोज रात्री तळवे तपासावेत.

निगा फार नाही. चिखल ओला असतानाच पाण्यानं धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा पत्र्यावर उन्हात टाकलं की चामडं तडकतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मेणाचं पॉलिश लावा, शिवणींवर जरा जास्त.

हे सगळं वाचूनही ‘एकच जोड घेणार आहे, कोणता घेऊ?’ असा प्रश्न असेलच. पैसा बेतानं खर्च करणाऱ्या घरात तो रास्तच आहे. रात्री पाण्याची पाळी असेल तर आधी गमबूट घ्या, तो स्वस्त आहे आणि जीव वाचवू शकतो. पाळी नसेल तर घोट्याच्या वर येणारा, फुल ग्रेन चामड्याचा, मोकळ्या खाचांच्या रबरी तळाचा, शिवलेल्या जिभेचा, लोखंडी टोपी नसलेला बूट घ्या. आणि पैसे देण्याआधी तो जोड आपल्या चौकातल्या चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवता आला तर दाखवा. ‘याचा तळ बदलता येईल का?’ एवढंच विचारा. तो ‘नाही’ म्हणाला तर जोड कितीही देखणा असो, परत ठेवा.