ससाण्याने बाळ झेलले तरी चालेल!

राजवाड्याच्या खिडकीतून दुष्ट मामा नुकतेच जन्मलेले बाळ खाली फेकतो. आता सारे संपले असे वाटते, एवढ्यात आकाशातून ससाणा झेपावतो, बाळाला अलगद उचलतो आणि सुखरूप घेऊन जातो. बाळाला साधा ओरखडाही उठत नाही! ज्यांच्या परड्यातली कोंबडीची पिले घारीने उचलून नेली आहेत, त्यांना शिकारी पाखराची नखे कशी असतात ते सांगायला नको. तरीही या प्रसंगाला टाळ्या पडल्या, आणि भरपूर पडल्या. हा चित्रपट म्हणजे मनमोहन देसाई यांचा १९७७ सालचा 'धरमवीर'.

असा चित्रपट आज घरातल्या टीव्हीवर लागला की काय होते ते तुम्ही पाहिलेच असेल. शहरात शिकणारा मुलगा सुटीवर आलेला असतो. तो एकेक चूक काढू लागतो. धर्मेंद्रच्या अंगात रोमन शिपायासारखा आखूड झगा, शेजारी आपल्याकडच्यासारखे राजेरजवाडे, मध्येच बंजाऱ्यांचा तांडा. हे राज्य कोणते, साल कोणते? मुलाचे एकही म्हणणे खोटे नसते. पण थोड्या वेळाने कोपऱ्यात बसलेली आजी उठते, "भाकरी थापायच्या राहिल्यात," म्हणते आणि चुलीकडे जाते. भाकरी मघाशीच झालेल्या असतात. पंधरा माणसांचे रांधून-वाढून झाल्यावर तिने जी दोन घटका मौज स्वतःपुरती मागितली होती, ती मुलाच्या हुशारीने मोडली. माझे भांडण आहे ते एवढ्याचसाठी.

आजीला काय ते कळत नव्हते, असे मुळीच समजू नका. तिने हे चित्रपट जत्रेतल्या तंबूत पाहिलेले असतात. सुगी आटोपली की गावोगावच्या जत्रा सुरू होत आणि फिरत्या टॉकीजचे तंबू ठोकले जात. बसायला घरचे पोते नाहीतर घोंगडी. बऱ्याच तंबूंत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटले की अंधारात शिट्ट्या. पडद्यावरचा राक्षस उडताना लोंबकळतोय हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला दिसत होते. तमाशातला राजा काल वाण्याच्या दुकानी उधारी मागत होता हेही त्यांना ठाऊकच असायचे. म्हणून वगातल्या राजाला कोणी राजा मानले नाही, असे कधी झाले आहे काय?

आणि त्या दोरीचीही एक कथा आहे. बाबूभाई मिस्त्री हे सुरतचे. १९३७ सालच्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. काळ्यावर काळे दिसत नाही, म्हणून वस्तू आपोआप फिरतात असे भासले. लोक त्यांना 'काला धागा' म्हणूच लागले. संगणक नव्हता तेव्हाची ही जादू. राक्षसापुढे माणूस चिमुकला दाखवायचा तर भिंगाचा अर्धा भाग झाकून आधी एकाचे चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची, मग दुसरा अर्धा भाग झाकून त्याच फिल्मवर दुसऱ्याचे. कॅमेरा केसभर हलला किंवा नटाचा हात मधल्या रेषेपलीकडे गेला, की सगळी मेहनत वाया. एकाच पाभरीने सरळ तास धरणाऱ्याला यातली कसरत उमगेल. पुढे याच मिस्त्रींनी १९६१ साली 'संपूर्ण रामायण' आणि १९६३ साली 'पारसमणी' दिग्दर्शित केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचा पडद्यावर आलेला पहिला चित्रपट तो हाच, आणि त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे आपले कुडाळकर. 'पारसमणी'तली जादू किती जणांना आठवते कोण जाणे, गाणी मात्र अजून वाजतात.

मनमोहन देसाई उमेदवारीला होते ते या मिस्त्रींच्याच हाताखाली. त्यांचे वडील किकूभाई हेही मारामारीच्या चित्रपटांचे निर्माते. म्हणजे 'धरमवीर'मधला वेडेपणा हा वारशाने आलेला, शिकून घेतलेला वेडेपणा आहे. त्याची गोष्टही नीट पाहा. बहिणीच्या थोरल्या मुलाच्या हातून मृत्यू आहे असे भाकीत ऐकून मामा बाळाच्या जिवावर उठतो. आपल्या घरातल्या कोणालाही हा कंस ओळखायला क्षणभर लागत नाही. जुळ्यांपैकी एक राजवाड्यात वाढतो, दुसरा लोहाराच्या घरी, आणि ते सख्खे भाऊ आहेत हे न कळताच जिवलग मित्र होतात. पुढे लोहाराच्या घरची ती आई मारली जाते. राज्याचा कायदा जशास तसा, डोळ्याच्या बदल्यात डोळा. धरम दरबारात उभा राहून त्याच कायद्यावर बोट ठेवतो आणि आईच्या बदल्यात आई मागतो! सगळ्यांना वाटते आता राणीचा जीव जाणार. पण त्याला राणीचा जीव नको असतो, त्याला आई हवी असते. आणि ती राणीच त्याची जन्मदाती आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते, त्या दोघांना नसते.

सांगा, याला बिनडोक म्हणायचे? म्हणा खुशाल. पण त्या प्रसंगाला आजीचा पदर डोळ्यांकडे गेला, तर तो झग्याची लांबी मोजून गेलेला नसतो.

आता दोषांविषयी. पोशाख, खोटे वाघ, पुठ्ठ्याचे किल्ले यांवर हसायला हरकत नाही, सगळ्यांनी मिळून हसावे. दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नयेत. गर्विष्ठ राजकन्येचा तोरा नायकाने दांडगाईने उतरवायचा आणि तिने मग त्याच्याच प्रेमात पडायचे, हे 'धरमवीर'मध्ये आहे. शेजारी आपल्या मुली बसलेल्या असतात; तिथल्या तिथे "हे काही बरोबर नाही हं," एवढे म्हणावे. दुसरे, अशा कित्येक चित्रपटांत तोंडाला काळे फासून, पिसे खोचून 'जंगली' लोक नाचवले आहेत. आपल्या पाड्यांवरची माणसे तशी नाहीत, हे मुलांना माहीत असायला हवे. आणि लांबी! मधले अर्धा तास सहज कापता आले असते. तेवढ्यात धार काढून यावे, गोष्ट फारशी पुढे सरकलेली नसते.

होमी वाडियांचा १९५६ सालचा 'हातिमताई' मिळाला तर तोही पाहा. येमेनच्या हातिमची, सात प्रश्नांची उत्तरे शोधत निघाल्याची ती जुनी गोष्ट. मोबाइलवर एकेकट्याने पाहण्याचा हा ऐवज नव्हे. पडवीत टीव्ही आणा, पोती अंथरा, शेजारच्यांनाही बोलवा. सुटीवर आलेल्या मुलाला दोरी कुठे दिसते ते मोजायला सांगा. आजीला मधोमध बसवा, आणि पुढे काय होते ते तिने आधीच सांगून टाकले तर तिला अडवू नका.