क्रीडामंडळाची आचारसंहिता : नियम सर्वांना सारखा

भाताची कापणी आटोपली, शेते मोकळी झाली की वसईच्या गावोगावी क्रिकेटचे सामने रंगू लागतात. फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि कबड्डीच्या स्पर्धाही भरतात. त्यांच्यामागे बहुधा गावचे एखादे क्रीडामंडळ उभे असते. वर्गणी गोळा करणे, मैदान सारखे करणे, पंच आणि चषकांची व्यवस्था पाहणे ही सारी कामे सभासद पदरमोड करून करतात. त्या कष्टांचे मोल आम्ही जाणतो. म्हणूनच सभासदांच्या वर्तनाच्या नाजूक विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सामन्यास आम्ही उपस्थित होतो. अकरावीत शिकणारा एक मुलगा पंच म्हणून उभा होता. यजमान मंडळाच्या सर्वोत्तम फलंदाजाला त्याने धावबाद ठरविले. फलंदाजाने बॅट आपटली आणि सर्वांदेखत त्या मुलाला आईवरून शिवी दिली. मंडळाचे पदाधिकारी मंडपात बसून होते. एकही उठला नाही. सामना पुढे सुरू झाला, मंडळाने चषकही जिंकला. तो मुलगा मात्र पुन्हा कधी पंच म्हणून उभा राहिला नाही. आम्हीही त्या दिवशी गप्प बसलो, याची खंत आजही आहे.

त्या मंडळाकडे नियम नव्हते असे नाही. नियम होते, परंतु ते राखीव खेळाडूंसाठी होते, सामना जिंकून देणाऱ्यासाठी नव्हते. आचारसंहितेची खरी कसोटी येथेच लागते.

खेळांनी हा प्रश्न कसा सोडविला आहे, ते पाहू. फुटबॉलमध्ये 1970 च्या मेक्सिको येथील विश्वचषकापासून पिवळे व लाल कार्ड आले. लाल कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर जातो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही. उरलेला संघ एक गडी कमी घेऊन खेळतो. क्रिकेटच्या नियमावलीत 2017 साली खेळाडूंच्या वर्तनाविषयी 42 वा नियम आला. गैरवर्तनाचे त्यात चार स्तर आहेत. पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखविणे किंवा अर्वाच्य बोलणे पहिल्या स्तरात मोडते. त्यासाठी प्रथम ताकीद आणि पुन्हा घडल्यास प्रतिस्पर्ध्यांना पाच धावा. पंचाला धमकावणाऱ्यास काही षटके मैदानाबाहेर बसावे लागते. पंचाला मारण्याची धमकी देणारा किंवा कोणावर हात उगारून प्रहार करणारा उरलेल्या सामन्याला मुकतो. त्याला बाहेर काढण्यास कर्णधाराने नकार दिला, तर पंच सामनाच प्रतिस्पर्ध्यांना बहाल करतात.

या तरतुदींत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात आहे, आणि एकाच्या वर्तनाची जबाबदारी कर्णधारावर व संघावरही आहे. गावच्या मंडळालाही हेच सूत्र लागू पडते.

मग मंडळाने काय करावे? प्रथम, आचारसंहिता लेखी असावी. हंगामापूर्वीच्या सभेत ती मोठ्याने वाचावी आणि प्रत्येक सभासदाची स्वाक्षरी घ्यावी. पंचाचा मान, प्रतिस्पर्ध्याशी सभ्यता, जातीवरून वा धर्मावरून टोमणे न मारणे, मैदानावर मद्य व जुगार वर्ज्य आणि वर्गणीचा चोख हिशेब ही कलमे तीत असावीत. दुसरे, तक्रार आल्यास दोन्ही बाजू ऐकाव्यात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याचा भाऊ किंवा काका कार्यकारिणीत असेल तर त्याने त्या बैठकीपुरते बाजूला बसावे. आमच्या गावांत सगळेच एकमेकांचे नातलग, म्हणून हे कलम विशेष महत्त्वाचे! तिसरे, शिक्षेच्या पायऱ्या आधीच ठरलेल्या असाव्यात : लेखी ताकीद, काही सामन्यांची बंदी आणि शेवटी सभासदत्व रद्द. निर्णय लेखी द्यावा व सर्वसाधारण सभेकडे दाद मागण्याची मुभा ठेवावी.

मुलामुलींच्या सुरक्षिततेबाबत मात्र मंडळाने स्वतःच न्यायनिवाडा करू नये. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक होय. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाही गुन्हा ठरतो. ‘मंडळाची बदनामी नको’ म्हणून प्रकरण गावातच मिटविणारे पदाधिकारी मुलाचा विश्वासघात करतात आणि कायदाही मोडतात.

पालकांनाही एक विनंती. सीमारेषेबाहेरून पंचावर ओरडणारा बाप आपल्या मुलाला खेळ शिकवीत नसतो. मूल आचारसंहितेचा कागद वाचत नाही. ते मोठ्यांचे वागणे वाचते.

उत्तम खेळाडूला दोन सामने बाहेर बसविल्यास कदाचित चषक हातचा जाईल. चषक पुढल्या वर्षीही मिळू शकतो. अपमान सोसून मैदानाकडे पाठ फिरविलेला अकरावीतला मुलगा मात्र सहसा परत येत नाही. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक मंडळाने कोणाला आधी सांभाळायचे ते ठरवावे, एवढेच आमचे सांगणे.