कान तपासायला शिकाऊ मुलगी बसलीय? घाबरू नका, पण एवढं नक्की विचारा

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात कान तपासायला गेलं की बऱ्याचदा समोर विशीतली मुलगी नाहीतर मुलगा बसलेला असतो. रात्रीची एसटी पकडून आलेला माणूस मनात म्हणतो, "एवढ्या लांब आलो ते शिकाऊच्या हाती पडायला का?" शंका रास्त आहे. पण या विद्यार्थ्याच्या पाठीशी एक अनुभवी माणूस असतो. तो काय बघतो, हे कळलं तर निम्मी भीती जाते.

हे शिक्षण कुठं मिळतं?

कान-नाक-घशाचे डॉक्टर आजारावर औषध देतात, ऑपरेशन करतात. ऐकू किती येतं हे मोजणारा, मशीन बसवणारा तो ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ. बारावी सायन्सनंतर ४ वर्षांचा बीएएसएलपी हा कोर्स असतो आणि त्यातलं शेवटचं १ वर्ष इंटर्नशिपचं. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही हे शिक्षण मिळतं.

चेंबूरला नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना वांद्र्याला जाणं सोपं आहे. हार्बर लोकलनं वडाळा रोडला उतरायचं आणि तिथून अंधेरी-गोरेगावकडची हार्बर गाडी धरायची. खुद्द चेंबूरच्या कलेक्टर कॉलनीतही या कामाचा दुसरा भाग चालतो. तिथलं हशू अडवाणी विशेष शिक्षण महाविद्यालय कर्णबधिर मुलांना शिकवणारे शिक्षक तयार करतं. मशीन बसवणारा आणि त्या मुलाला शिकवणारा, दोघांचेही हात पक्के असावे लागतात.

हात पक्का कसा होतो?

पुस्तक वाचून कान तपासता येत नाही. विद्यार्थी आधी नुसता बघतो. मग मॅडम किंवा सर शेजारी उभे असताना करतो. पुढे एकट्यानं करतो, पण रिपोर्ट हातात देण्याआधी तो वरिष्ठांनी तपासायचा असतो. चुका इथंच पकडल्या जातात.

पहिली चूक बटणाची. कानात 'टूं' आवाज सोडताना नवा विद्यार्थी नकळत मान वर करतो. पेशंट ते बघतो आणि ऐकू आलं नाही तरी हात वर करतो. म्हणून मॅडम खुर्ची वळवून ठेवायला लावतात. आवाज एका ठेक्यात सोडला तरी पेशंट अंदाजानं हात वर करतो. म्हणून मधलं अंतर कमीजास्त ठेवायला शिकवतात.

दुसरी चूक जास्त महाग पडते. एक कान चांगला आणि एक खराब असेल, तर खराब कानात सोडलेला मोठा आवाज कवटीच्या हाडातून चांगल्या कानापर्यंत पोचतो. हाक एकाला मारावी आणि ओ दुसऱ्यानं द्यावी, तसं होतं. खराब कान बरा असल्याचं कागदावर येतं. त्यासाठी चांगल्या कानात 'सूंऽऽ' असा आवाज चालू ठेवून त्याला गुंतवतात. याला मास्किंग म्हणतात. ते कधी करायचं हे वरिष्ठच शिकवतात.

तिसरी गोष्ट कानाच्या मापाची. मशीनचा साचा बनवायला कानात मऊ मसाला भरतात. त्याआधी दोरा बांधलेला कापूस आत बसवावाच लागतो, नाहीतर मसाला पडद्यापर्यंत जाऊ शकतो. इथं वरिष्ठ बारीक नजर ठेवतात.

लेकराच्या बाबतीत शिकवण वेगळी

"ताट पडलं की वळून बघतंय, म्हणजे ऐकू येतंय," असं घरातली माणसं सांगतात. नवा विद्यार्थी ते लिहून मोकळा होतो. वरिष्ठ त्याला थांबवतात. ताट पडल्याचा हादरा जमिनीतून जाणवतो, हात हललेला दिसतो. शिवाय मोठा आवाज ऐकू येऊनही 'स', 'श' सारखे बारीक आवाज निसटू शकतात. मग बोलणं उशिरा येतं, अस्पष्ट येतं आणि घरात म्हणतात, "ह्याचा बापही उशिराच बोलला होता."

या एका वाक्यात वर्षं निघून जातात. जगभरातले तज्ज्ञ सांगतात की पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत. तान्ह्या बाळाला बटण दाबता येत नाही, पण ओएई आणि बेरा या तपासण्या झोपेतही होतात.

आकडा नको, अर्थ सांगा

रिपोर्टवर '६५ डेसिबल' लिहिलं तर आईला काय कळणार? चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला सांगतो, घरच्या भाषेत समजाव आणि मग आईलाच विचार, "घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?" तिनं बरोबर सांगितलं तरच काम झालं. मालवणी बोलणारी आजी असो की अहिराणी बोलणारे आजोबा, ऐकण्याच्या तपासणीतले शब्द त्यांच्या ओळखीचे हवेत. नाहीतर कान चांगला असून शब्द चुकतो.

तुम्ही काय करायचं?

• "तपासणी कोण करतंय, वरिष्ठ कोण आहेत?" हे निःसंकोच विचारा. विद्यार्थ्याकडून तपासून घ्यायचं नसेल तर तसं सांगा.
• रिपोर्टवर वरिष्ठांची सही आहे का ते बघा. श्रवणतज्ज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२ च्या कायद्यानं ते बंधनकारक केलं. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.
• कानात मळ असेल तर आधी सांगा. जुने रिपोर्ट आणि मशीन सोबत न्या.
• न कळलेलं दुसऱ्यांदा विचारा. त्यातून विद्यार्थीही शिकतो.
• लेकराला मशीन लागलं असेल तर रोज सकाळी त्याच्या मागं उभं राहून आ, ई, ऊ, म, श, स हे ६ आवाज काढा. तोंड दिसू देऊ नका. एखाद्या आवाजाला रोजच्यासारखा प्रतिसाद आला नाही तर आधी सेल बदलून बघा. तरी तसंच असेल तर मशीन दाखवून आणा.
• मुंबईला जायच्या आधी अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला लेकरू दाखवा. जन्मजात बहिरेपण त्यांच्या तपासणीत येतं आणि पुढं जिल्हा रुग्णालयात पाठवलं जातं.

आज समोर बसलेली ही शिकाऊ मुलगी उद्या एखाद्या जिल्हा रुग्णालयात एकटीच बसलेली असेल. तिथं मागं उभ्या राहणाऱ्या मॅडम नसतील. तुमच्या आईच्या कानावर ती आज जे नीट शिकेल, ते तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला उपयोगी पडेल. म्हणून तिला पाच मिनिटं जास्त लागली तर लागू द्या. फक्त सही वरिष्ठांची आहे ना, तेवढं बघून घ्या.