वाट पाहणाऱ्या आईचा केक

१९३३ सालची, नाताळच्या आदली संध्याकाळ. बाहेर बर्फ, घरात सात मुलं आणि कामासाठी परगावी गेलेल्या बापाचा पत्ता नाही. आई काय करते? केक करायला घेते. अर्ल हॅमनर यांच्या कादंबरीवरून १९७१ मध्ये आलेल्या ‘द होमकमिंग’ या अमेरिकी टीव्हीपटातलं हे घर. त्यातूनच ‘द वॉल्टन्स’ ही मालिका निघाली, १९८१ पर्यंत चालली. व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या या कुटुंबाचा केक मालिकेचे चाहते आजही नाताळात करतात.

त्यात महागडं काही नाही. शिजवलेल्या सफरचंदांचा गर, मैदा, साखर, दालचिनी, लवंग, अक्रोड. अक्रोड फोडायचं काम मुलांकडे. तेवढाच आईच्या कानांना आराम! गराच्या आंबटपणामुळे सोड्याला जोर येतो, केक फुलतो आणि ओलसर राहतो, दोन-तीन दिवस सुकत नाही. मंदीच्या दिवसांत घर चालवणाऱ्या बाईला हे फार सोयीचं.

पण हात पिठात असले तरी लक्ष दाराकडेच. इंतजार असह्य झाला, तेव्हा थोरल्या जॉन-बॉयला बापाच्या शोधात धाडलं जातं. बाप उगवतो रात्री उशिरा, मुलांसाठी भेटवस्तू घेऊन.